हात पोचतो तिथवर भिंत

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी करा कुणीतरी, नाहीतर मलाच ओरडावं लागेल. कार्डावर विषय छापलाय 'व्यापारी इमारतींवरच्या हिरव्या भिंती, डिझाइन आणि उभारणी', आणि ते मी सांगणार आहे, फ्रेम, ड्रिप, झाडं सगळं, पण त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षं डोक्यात घोळतेय ती बोलून टाकतो, कारण आज समोर आर्किटेक्ट आहेत, दुकानदार आहेत, उद्यमबागेतले फॅब्रिकेशनवाले पण दिसतायत, आणि हे तिघंही एकाच खोलीत मला पुन्हा कधी सापडणार?

ऑगस्टात आपल्या बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाकडनं एक चक्कर मारा. काळ्या दगडाच्या सांध्यासांध्यातनं शेवाळ आणि नेचे आलेले असतात. चोर्ला घाटात तर कापलेल्या दरडीवर तेरडा, रानबेगोनिया, बघत राहावं असं. कुणी लावलं नाही, कुणी खत घातलं नाही. आता तीच दरड फेब्रुवारीत बघा, उघडा दगड. म्हणजे आपल्या मुलखात भिंत आपोआप हिरवी राहते ती पावसाचे चार महिने, उरलेले आठ महिने निसर्गच दुकान बंद करून बसतो. आणि आपण शोरूमला बारा महिने हिरवी भिंत मागतो. मागा की, माझा धंदाच आहे तो, पण त्या आठ महिन्यांचं पाणी कुठनं येणार आणि ते बघायला माणूस कोण, हे पहिल्या मीटिंगमध्ये ठरायला पाहिजे. पहिल्या मीटिंगमध्ये आम्ही ठरवतो काय, तर पानांचा रंग.

एक काम सांगतो. नाव-गाव सांगत नाही. आपल्याच भागातली तीनमजली कापडाची शोरूम, तोंड पश्चिमेला. आता पश्चिम म्हणजे आपल्याकडं दोन्हीकडनं मार, एप्रिल-मेमध्ये दुपारभर ऊन तिथंच आणि जून-जुलैमध्ये वाऱ्यासकट पाऊस पण तिथंच झोडपतो. सावकारांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, मोबाईलवर फोटो दाखवला, स्पेनमधल्या माद्रिदच्या काइशाफोरम या सांस्कृतिक केंद्राची भिंत. पॅट्रिक ब्लाँ नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाचं काम, २४ मीटर उंच, अडीचशे जातींची १५ हजार झाडं. फोटो बघून कुणालाही हवीशी वाटेल. थोडं विषयांतर होतंय पण सांगतोच, ही कल्पना तशी जुनी आहे, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या स्टॅनली हार्ट व्हाइट या लँडस्केपच्या प्राध्यापकांनी १९३८ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. ब्लाँचं मोठेपण हे की ते उष्ण प्रदेशातल्या जंगलात जाऊन दगडावर, मातीशिवाय जगणारी झाडं बघत बसले आणि मग लोखंडी सांगाड्यावर पीव्हीसीचा पत्रा, त्यावर फेल्टचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या जाड कापडाचे, दोन थर, आणि वरून खत मिसळलेलं पाणी, असं बसवलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण फोटोत पाइप दिसत नाही ओ. ती सगळी भिंत वरच्या पाइपावर जगते.

तर आमची भिंत जमिनीपासून वर, चारशे स्क्वेअर फूट, साधारण अकराशे कुंड्या. दसऱ्याचं उद्घाटन. कोटेशनमधून दोन ओळी खोडल्या गेल्या, एक फिल्टर आणि दुसरी वर्षभराची देखभाल. "आमचा माणूस बघेल की." मी मान्य केलं. तिथंच काम सोडायला पाहिजे होतं, आजही वाटतं. पाणी बोअरचं, जड. मोटारीचा टायमर दिला बाहेरच्या बोर्डाच्या लाइटच्या लाइनवर, कारण तिथं पॉइंट आयता होता.

दिवाळीत लोक समोर उभं राहून फोटो काढत होते. फेब्रुवारीत ड्रिपरच्या तोंडाला पांढरा क्षार धरला आणि वरच्या तीन ओळी पिवळ्या पडल्या. एप्रिलमध्ये बोर्ड दुरुस्तीला काढला, इलेक्ट्रिशियननं फ्यूज काढून ठेवला, शनिवार ते सोमवार. तीन दिवस पश्चिमेचं ऊन आणि थेंब नाही. मंगळवारी मला फोन आला, गेलो तर वरच्या कुंड्यातला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा, भुशासारखा कोरडा, बोटानं दाबला की हवेत उडत होता.

पण खालच्या सात ओळी हिरव्यागार! मला कळेना. रात्रपाळीचा वॉचमन होता, बैलहोंगलकडचा, वयस्कर, मराठी अगदी थोडं. मी विचारलं तर म्हणाला, "नीर इल्ल री सर," पाणी नाही म्हणून बादली-मग घेऊन त्यानं हात पोचेल तितक्या कुंड्यांना तिन्ही रात्री पाणी घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात धरलं नव्हतं. भिंतीवर सरळ एक रेघ दिसत होती बघा, त्याच्या हाताच्या उंचीची, खाली जिवंत आणि वर मेलेलं. मी सगळं पुन्हा लावून देतो म्हटलं, पण मेमध्ये तिथं प्लास्टिकचं गवत चिकटवलं, खालच्या जिवंत सात ओळी पण उपटून. त्या ओळी मागून घेतल्या मी, टेम्पोनं घरी आणल्या.

त्या दिवसापासून माझं म्हणणं एवढंच आहे की कुंड्यांची भिंत माणसाचा हात पोचेल तितकीच उंच करा. स्टुलावर उभा राहून माळ्याचा हात जातो आठ फुटांपर्यंत, तिथं थांबा. त्याच्या वर कुंडी नको, वेल न्या. मुळं जमिनीत, भिंतीपासून चार बोटं सोडून स्टीलचा वायररोप, त्यावर मधुमालती, थनबर्जिया. दोन दिवस मोटार बंद पडली तर वेल मरत नाही, तिची मुळं खाली ओल शोधतात. वरनं सोडायचा असेल तर कर्टन क्रीपर, प्रत्येक स्लॅबला हौदासारखा लांब खोका करून. दुसऱ्या मजल्यापर्यंत जायला दोन वर्षं लागतील. लागू देत.

ही चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे कार्डावरचा विषय आता पळत सांगावा लागणार.

वजन. चारशे स्क्वेअर फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, भिजलेल्या कुंड्या फ्रेमसकट मी चौरस मीटरला ५० किलो धरतो, म्हणजे १८०० किलोच्या वर. हे विटेच्या पार्टिशनवर टांगू नका, स्ट्रक्चरलवाल्याला विचारून कॉलम-बीमला अँकर करा. फ्रेम आणि भिंत यात दोन इंच हवा पाहिजे आणि मागचं वॉटरप्रूफिंग फ्रेम लावण्याआधी, नंतर हात जात नाही. पाणी उन्हाळ्यात मी चौरस मीटरला रोज पाच लिटर धरतो, म्हणजे आपल्या उदाहरणात १८५ लिटर, ते एकदम न देता चार-पाच वेळा थोडं थोडं. डिस्क फिल्टर पाहिजेच. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवा, एसीतून गळणारं पाणी टाकीत घ्या, त्यात क्षार जवळपास नसतात, आणि ते आपण गटारात सोडतो, जीव तुटतो माझा. खाली पन्हळ, उतार देऊन, नाहीतर डास.

झाडं. पाणी खाली उतरतं, त्यामुळं वरच्या ओळी कोरड्या आणि खालच्या ओल्या, हे लक्षात ठेवून वर ऱ्हिओ, स्पायडर प्लांट, खाली नेचे, सिंगोनियम. पश्चिमेला सिंगोनियम नको, जळतं. पावसाळ्यात ड्रिप बंद ठेवा, मुळं कुजतात, गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. आणि श्रावणात भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं की तेव्हाच काढा, पुढच्या वर्षी निघत नाही.

वाळलेली पानं आठवड्याला काढायची, कारण वाळलेलं पान आणि प्लास्टिकची कुंडी दोन्ही पेटतात, आणि आत माणसं असतात. यासाठीच माळ्याचा पगार कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत लिहा. फिल्टर दुसऱ्या. झाडं तिसऱ्या.

बेल झाली. मोटारीला स्विच वेगळा द्या, बोर्डाच्या लाइटवर नको. आता विचारा काय विचारायचं ते, आणि त्या सात ओळी बघायच्या असतील तर रविवारी सकाळी अनगोळला माझ्या घरी या, अजून आहेत.