गुण नसलेले सामने
(अंबाजोगाईतील गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ऑगस्ट २०२५, संपादित)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते, आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेल्या माझ्या मायबहिणींनो, बंधूंनो, नमस्कार. काल याच व्यासपीठावर मुकुंदराजांवर इतकं सुंदर व्याख्यान झालं. त्यानंतर आज फुटबॉल ठेवायला मंडळ तयार झालं, म्हणून आधी मंडळाचे आभार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘माझ्या संघाचा प्री-सीझन’, म्हणजे हंगामाआधीची तयारी. संघ लिव्हरपूल, इंग्लंडचा क्लब. मला आज एवढंच पटवून द्यायचंय की फुटबॉल बघायला शिकायचं असेल, विशेषतः आपल्या पोरींना, तर सुरुवात जुलैपासून करावी. ज्या सामन्यांना गुण नसतात, त्या सामन्यांपासून. ते कसं, हे सांगतेच. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

इंग्लंडचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा सुरू होतो. मधली सुट्टी झाली की जुलैत खेळाडू परत येतात. पाच-सहा आठवडे कसून सराव आणि मध्ये मध्ये फ्रेंडली, म्हणजे गुण नसलेले सरावाचे सामने. आपल्याकडे पेरणीआधी वखराच्या पाळ्या घालतात ना, त्यातलाच हा प्रकार. वर काही उगवलेलं दिसत नाही, म्हणून बांधावरून जाणारा थांबून बघत नाही.

युर्गन क्लॉप लिव्हरपूलचे प्रशिक्षक होते तेव्हा पहिल्याच दिवशी लॅक्टेटची चाचणी असायची. खेळाडूंनी पळायचं, थोड्या थोड्या वेळाने वेग वाढवायचा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कानाच्या पाळीला बारीक टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा. शरीर कुठल्या वेगाला थकायला लागतं, ते त्या थेंबातून कळतं. या चाचणीत वर्षानुवर्षे पुढे असायचा जेम्स मिल्नर. पस्तिशी ओलांडल्यावरसुद्धा! विशीतली पोरं गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतायत आणि हा बाबा अजून पळतोय. मला त्याच्या गोलांपेक्षा ते पळणं जास्त लक्षात आहे. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं घ्या. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. ती शर्यत आपण सगळ्यांनी फोनवर पुन्हा पुन्हा बघितली. तिच्यामागचे महिनोन्‌महिने कुणी बघितले?

आता मूळ मुद्द्याकडे येण्याआधी मला एक गाऱ्हाणं मांडायचंय. ते मांडल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

२६ जुलैला, शनिवारी संध्याकाळी, हाँगकाँगला लिव्हरपूल आणि एसी मिलानचा सामना होता. एरवी युरोपातले बरेच सामने आपल्याकडे रात्री उशिरा असतात. आईची झोपमोड होते आणि ती पांघरुणातूनच विचारते, “काय बघायलीस गं अजून? सकाळी शाळा नाही का?” हा सामना मात्र आपल्याकडे दिवेलागणीच्या आधी. मी संभाजीनगरला मावसबहिणीकडे होते. तिथल्या एका कॅफेत मोठ्या पडद्यावर सामना दाखवणार असं कळलं. दोघी गेलो. लाल जर्सी घातलेली पंधरा-वीस पोरं, आणि बायका म्हणाल तर आम्ही दोघीच.

बसतोय तोच शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, “ताई, भावासोबत आलात का?” म्हटलं, बहिणीसोबत. मग दुसरा म्हणाला, “ऑफसाइड म्हणजे काय सांगा बरं.” या प्रश्नाला मी आजवर इतक्या ठिकाणी तोंड दिलंय की उत्तर तोंडपाठ आहे. तुमचा साथीदार चेंडू मारतो त्या क्षणाला तुम्ही समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात असाल, चेंडूच्याही पुढे असाल, आणि तुमच्या व गोलरेषेच्या मध्ये समोरचे किमान दोन खेळाडू नसतील, आणि शेवटून दुसऱ्याच्या तुम्ही बरोबरीलाही नसाल, तर तुम्ही ऑफसाइड जागेत. नुसतं त्या जागेत असणं हा गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तर गुन्हा. आणि थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर यांच्यावरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही. हे सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, “अरे वा! मग तुम्हाला आवडतो कोण, सालाह?” सालाह हा लिव्हरपूलचा स्टार. म्हणजे नियम पाठ केला असेल, पण बघायला आली असणार कुणाचा तरी चेहरा. त्या पोरांना असले प्रश्न कुणीच विचारले नव्हते. त्यांनी जर्सी घातली एवढंच पुरेसं होतं. माझ्या मावसबहिणीचा चेहरा उतरला. ती पहिल्यांदाच आली होती, आणि तिला खरोखरच ऑफसाइड माहीत नव्हतं. आता मला सांगा, माहीत नसलेल्या माणसाने शिकायचं कुठे? पहिल्याच पाच मिनिटांत परीक्षा घेतली तर ती पोरगी पुन्हा त्या दारात पाऊल ठेवेल का?

पुढचं ऐका. मिलानने आघाडी घेतली, लिव्हरपूलने बरोबरी केली, आणि मध्यंतरानंतर मिलानने आणखी दोन गोल मारले. ३-१ झालं आणि पडदा बदलला! मँचेस्टरची कसोटी लागली, राहुल आणि गिल खेळत होते. कसोटीवर माझा राग नाही, शून्यावर दोन गडी गेल्यानंतर त्या दोघांनी ज्या जिद्दीने किल्ला लढवला तो मीही नंतर बघितला. पण मी उठून मालकांना विचारलं, दादा, सामना संपला नाही अजून. ते म्हणाले, “ताई, फ्रेंडली तर आहे. पॉइंट थोडेच आहेत?” आणि लाल जर्सीतल्या एकानेही हरकत घेतली नाही. उरलेली अर्धी-पाऊण घटका मी बहिणीच्या फोनवर, रिक्षात बसून बघितली. ४-२ने हरलो. त्या रिक्षात मी बहिणीला काय दाखवत होते, ते पुढे सांगते. तेच माझ्या व्याख्यानाचं मर्म आहे.

याच जुलैतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ३ जुलैला स्पेनमध्ये झामोराजवळ मोटार अपघातात आपला, लिव्हरपूलचा खेळाडू दियोगो जोटा गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा भाऊ आंद्रे सिल्व्हा. क्लबने संघाचं परतणं पुढे ढकललं. पहिली फ्रेंडली १३ जुलैला प्रेस्टनला, डीपडेल मैदानावर. त्या सामन्याला पॉइंट नव्हते. प्रेस्टनच्या कर्णधाराने लिव्हरपूलच्या चाहत्यांसमोर पुष्पचक्र ठेवलं, मैदान स्तब्ध झालं, आणि मग चाहते जोटाचं गाणं म्हणत राहिले, म्हणतच राहिले. लिव्हरपूलच्या न्युनियेझने गोल केला आणि जोटा जसा गोल साजरा करायचा तसाच केला. लिव्हरपूल ३-१ने जिंकलं. मी रडले, हे इथे सांगायला मला काही वाटत नाही. त्याचा २० नंबर क्लबने कायमचा बाजूला ठेवला. फक्त पुरुषांच्या संघात नाही, महिलांच्या संघात आणि अकादमीतही. पुढे लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या कुठल्याही मुलीच्या पाठीवरही तो नंबर नसेल. दुःखात महिलांचा संघ आपलाच धरला, हे मला फार मोठं वाटलं.

आणि डीपडेलचं नाव निघालंच आहे तर दोन मिनिटं द्या. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यात दारूगोळा तयार करणाऱ्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. १९१७च्या नाताळात त्या याच डीपडेलवर खेळल्या आणि १०,००० लोक बघायला आले. १९२०मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना सेंट हेलेन्सच्या मुलींशी झाला. ५३,००० प्रेक्षक आत, आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर. पैसे जायचे युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसारख्या गरजूंना. आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. बायकांना फुटबॉलमधलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. बायका मागे राहिल्या नव्हत्या. भरल्या मैदानातून त्यांना बाहेर काढलं होतं.

साडेआठला आरती आहे, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. हो हो, दहा मिनिटांत आटोपते. आता मुख्य मुद्दा, भरभर.

पहिलं म्हणजे, जुलैच्या निकालावरून काहीही ठरवू नका. २०१९चा जुलै बघा. लिव्हरपूल डॉर्टमंडकडून हरलं, सेव्हियाकडून हरलं, स्पोर्टिंगशी बरोबरी, नापोलीकडून ०-३. चाहते हवालदिल. त्याच हंगामात ९९ गुण मिळवून तीस वर्षांनी लीग जिंकली! २०२२च्या जुलैत बँकॉकला मँचेस्टर युनायटेडने आपल्याला ४-०ने धुतलं. त्याच हंगामात मार्च २०२३मध्ये आपल्या घरच्या मैदानावर, म्हणजे अॅनफिल्डवर आपण त्यांना ७-०ने हरवलं. आणि तरी हंगामाच्या शेवटी ते तिसरे, आपण पाचवे. काय निष्कर्ष काढणार?

मग बघायचं काय? रिक्षात मी बहिणीला हेच दाखवत होते. म्हटलं, चेंडू बघू नकोस. आपला हल्ला चालू असताना मागे कोण उरलंय ते बघ. चेंडू हातचा गेला की आपले किती जण उलटे पळतात ते मोज. मिलान उलट्या हल्ल्यांवर आपल्याला चिरत होतं, कारण मागे मोकळं रान होतं. तिला ते दोन मिनिटांत दिसायला लागलं. तीन आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, लीगच्या पहिल्याच सामन्यात बोर्नमथच्या सेमेन्योने त्यांच्याच अर्ध्यातून चेंडू घेतला, अख्खं मैदान कापत आला आणि गोल केला. आपण ४-२ने जिंकलो खरं, पण बहिणीचा रात्रीच फोन आला, “ताई, हे तर तू हाँगकाँगलाच दाखवलं होतंस.” जिला ऑफसाइड येत नव्हतं, तिला हे दिसलं. गुणांचा धाक नव्हता, म्हणून ती खेळाकडे बघू शकली.

दुसरं, पोरं बघा. फ्रेंडलीत प्रशिक्षक हवे तितके खेळाडू बदलतात, अख्खा संघ बदलतात. एरवी ज्यांची नावंही कानावर येत नाहीत, ती पोरं तेव्हाच दिसतात. रिओ एन्गुमोहा, सोळा वर्षांचा. ३० जुलैला योकोहामात त्याने गोल केला. ४ ऑगस्टला अॅनफिल्डवर बिल्बाओविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला पुन्हा गोल. मी तेव्हाच शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहून ठेवलं होतं, पोरं विचारायची, बाई हे कोण? आणि या सोमवारी मध्यरात्री न्यूकॅसलला, २-२ असताना, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत दहाव्या मिनिटाला त्याने विजयी गोल मारला. लिव्हरपूलसाठी गोल करणारा आजवरचा सगळ्यात लहान खेळाडू. मंगळवारी वर्गात गेले तर फळ्यावरच्या नावाभोवती कुणीतरी खडूने चौकट आखली होती.

तिसरं, दौऱ्यांबद्दल. हाँगकाँग, जपान, अमेरिका, हे सगळं पैशासाठी, हे उघड आहे. एवढ्या प्रवासाने शरीराची जी तयारी जुलैत व्हायची ती अर्धवट राहते, आणि मांडीमागचे स्नायू नंतर डिसेंबरात त्याचा हिशेब मागतात, असं माझं ठाम मत आहे. पण आशियातल्या चाहत्याला संघ दिवसाउजेडी बघायला मिळतो तो याच दौऱ्यांमुळे. मी दोन्ही बाजूंना आहे, आणि दौरा एकच असावा, छोटा असावा, असं म्हणून हा मुद्दा सोडते. वेळ नाही.

शेवटचं, इथल्या पोरींसाठी. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ५ जुलैला आपल्या भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. खेळणाऱ्या मुली आहेत. बघणाऱ्या मुलींना बसायला जागा हवी. मंडळाकडे प्रोजेक्टर आहे, हे सभागृह आहे. पुढच्या जुलैत इथे सामने दाखवा. प्रवेशाला कुणाची परीक्षा घ्यायची नाही आणि सामना संपेपर्यंत पडदा बदलायचा नाही. अध्यक्षांनी मान हलवली, सगळ्यांनी बघितलं ना? इतिवृत्तात घ्या.

रविवारी रात्री नऊला आर्सेनलशी आपला सामना आहे. आणि ७ सप्टेंबरला अॅनफिल्डवर लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या महिला संघांचा सामना. एव्हर्टन आपले कट्टर प्रतिस्पर्धी, पण त्यांच्या मुलींना या हंगामापासून गुडिसन पार्क कायमचं घरचं मैदान मिळालंय, ते ५३,००० प्रेक्षकांचं गुडिसन. त्या सामन्याला माझ्या घरी ज्यांना यायचंय त्यांनी आरतीनंतर नाव सांगा, चहा माझ्याकडे. चला, आरतीची वेळ झाली.