आजीच्या गोळ्यांवर नाव कोणाचं?

नमस्कार मंडळी. आत्ताच आपल्या पोरांनी तान्ह्या पोळ्याचे नंदी फिरवले, बोजारा घेतला, सगळ्यांच्या तोंडात अजून पुरणपोळी आहे आणि मी गोळ्या-औषधांचा विषय काढतेय. पण गेले काही महिने माझ्या लेकीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, आणि तो तुमच्यासमोर नाही बोलायचा तर कुठे बोलायचा?

आई मार्चमध्ये इकडे अमेरिकेत आली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याहून आत. बॅग उघडली तर तेच सगळं, सरगुंडे, मूगवड्या, घरचं तिखट, नवी तुरीची डाळ, आणि सगळ्यात खाली लुगड्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. डबा गोळ्यांनी भरलेला. माझी लेक अकरा वर्षांची, आजीला सामान लावून देत होती. तिने एक पत्ता हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला आणि विचारलं, "आई, यावर आजीचं नाव कुठे आहे?"

तिचं बरोबरच होतं. इथे जन्मलेल्या पोरीसाठी औषध म्हणजे ती केशरी बाटली, तिच्यावर आपलं नाव, डॉक्टरचं नाव, दिवसातून किती वेळा ते छापलेलं. आजीच्या डब्यात एकाही पत्त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. काही पत्ते कात्रीने अर्धे कापलेले, औषधाच्या नावातली मधली तीन-चार अक्षरं उरलेली आणि एक्स्पायरी डेट दुकानात राहिलेल्या तुकड्यावर गेलेली. मी एकेक उजेडात धरून वाचत बसले. झोपेच्या गोळ्या निघाल्या अल्प्राझोलाम, आणि गुडघ्यासाठी म्हणून दिलेल्या निघाल्या ट्रॅमाडॉल, अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. डॉक्टरची चिठ्ठी? आई म्हणे, "कायची चिठ्ठी वं? मेडिकलवाला आपलाच तं हाय, तुह्या बाबाच्या वक्ताला रातच्याले दुकान उघडून देत होता."

हे खोटं नाही. बाबांच्या शेवटच्या वर्षात त्या माणसाने खरंच रात्री-अपरात्री शटर उघडलं. बाबा गेल्यापासून आईला झोप नाही, तर त्यानेच ही गोळी दिली, एक घेऊन बघा म्हणाला. त्याला आता पाच वर्षं झाली.

आठव्या दिवशी रात्री त्या डब्यावरून घरात भांडण झालं. नवरा म्हणाला आत्ताच्या आत्ता हे बाहेर काढ. आवाज चढले आणि आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी काय चोर हाव का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई चोर नाही. पण कायद्याच्या नजरेत त्या डब्याचं काय, ते मी रात्रभर वाचत बसले, आणि जे वाचलं ते सांगायलाच आज उभी आहे.

आधी आपल्याकडचं. आपल्याला वाटतं तिकडे सगळं चालतं. तसं नाहीये. या दोन्ही गोळ्या भारतातही शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत आहेत, 2014 पासून. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दिल्या तर रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. पत्त्यावर लाल चौकट असते, आत इशारा छापलेला असतो, आपण तिकडे बघतच नाही. अल्प्राझोलाम तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही येते, 1985 चा कायदा, आणि 2018 मध्ये ट्रॅमाडॉलही त्यात घातलं. म्हणजे तो भला माणूस आपल्यावर माया करता करता स्वतःचं लायसन्स पणाला लावतोय, आणि आपण त्याला थँक्यू म्हणून येतो.

आता इथलं. अमेरिकेत या दोन्ही गोळ्या कंट्रोल्ड, म्हणजे सरकारी नियंत्रणाखाली आहेत, शेड्यूल फोर नावाच्या यादीत, ट्रॅमाडॉल 2014 पासून. चिठ्ठीशिवाय नुसत्या जवळ सापडल्या तरी फेडरल कायद्यात पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद आणि कमीत कमी हजार डॉलर दंड होऊ शकतो. आणि मंडळी, हे नीट ऐका, यातली गोळी दुसऱ्याला देणं म्हणजे वाटप, एक पैसा घेतला नसला तरी, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. आपल्यातले कितीतरी जण एच-वन व्हिसावर आहेत, ग्रीनकार्डच्या रांगेत आहेत. अशा औषधाच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढू शकतात, ग्रीनकार्ड हातात असलं तरी.

हे वाचताना माझे हातपाय गार पडले, कारण आई येऊन आठ दिवस झाले होते आणि चौथ्याच दिवशी आपल्यातल्याच एका काकूंना तिने अर्धा पत्ता देऊन टाकला होता. काकू म्हणाल्या झोप लागत नाही, आईने ओच्यातून काढून दिला, जसं गावात विरजण देतो तसं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. काकूंच्याही नव्हतं.

म्हणून थोडं रागावते, मोठ्या बहिणीच्या हक्काने. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दर दोन-तीन दिवसांनी मेसेज येतो, कोणी इंडियातून येतंय का, दोन पत्ते आणायचेत, छोटंसं पार्सल आहे. आणि आपण हो म्हणतो, कारण नाही म्हटलं तर माणुसकी नाही असं वाटतं. मीही आणलंय, दोनदा, आत काय आहे ते न विचारता. नका आणू. दुसऱ्याच्या नावाचं औषध आपल्या बॅगेत नको, कुरियरनेही मागवू नका. आपले आईवडील येणार असतील तर मूळ पाकिटातल्या, न कापलेल्या गोळ्या, इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी, राहायच्या दिवसांपुरतंच औषध, साधारण तीन महिन्यांच्या वर नाही, आणि कस्टम्सच्या माणसाला आपणहून सांगायचं. आई बिचारी विमानतळावर हात जोडून उभी राहिली आणि कोणी काही विचारलं नाही. ते नशीब होतं.

आम्ही आईला इथल्या डॉक्टरकडे नेलं. व्हिजिटर इन्शुरन्सने हात वर केले, जुनं दुखणं म्हणाले, पैसे खिशातून भरले. डॉक्टरीणबाईंनी डबा टेबलावर ओतला, पेनाच्या टोकाने एकेक गोळी बाजूला सारत मोजली आणि विचारलं, दोन्ही एकाच रात्री घेतात का? आई म्हणाली, दुखलं का घेतो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. झोपेची ही गोळी आणि ट्रॅमाडॉल एकत्र घेतलं तर श्वास मंदावू शकतो, 2016 पासून इथे औषधाच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा असतो. आणि पाच वर्षांची सवय असलेली गोळी एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात. मग त्यांनी स्वतःची चिठ्ठी दिली आणि पाव-पाव गोळी कमी करत नेली. डब्यातलं बाकी सगळं आम्ही फार्मसीतल्या औषधं परत घ्यायच्या पेटीत टाकलं. नवी बाटली घरी आली तेव्हा लेकीने ती आजीसमोर धरली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, "हे बघ आजी, तुझं नाव." आईने ती रिकामी झाल्यावरही फेकू दिली नाही, गावी घेऊन गेली.

आता ती गावी आहे. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायची, रांगेत बसायचं, अर्धा दिवस जातो आणि सोबत कोणी नाही, सोयाबीन काढणीला आलं की भाऊ शेतातून हलत नाही. मेडिकल घरापासून चाळीस पावलांवर. मी इथून फोनवर कायदा सांगते, ती हो-हो म्हणते. परवा विचारलं, झोप लागते का? म्हणाली, "लागते न आता." कशाने लागते ते मी विचारलं नाही, धीर झाला नाही.

दिवाळीनंतर ती परत येतेय. रविवारी फोनवर सामानाची यादी सांगत होती, आणि शेवटी म्हणाली, "त्या काकूसाठी काय आणू वं?"