फोटोच्या मागे काय लिहावे

सभागृहातील ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

जुने कौटुंबिक फोटो जपून ठेवा, असे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. धाब्याच्या घरात भिंतीवर पुढे कललेल्या चौकटीत, पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका आणि सातबाराच्या उताऱ्यांखाली, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते जपलेलेच असतात. उणीव फोटोंची नाही. त्यांत दिसणारी माणसे कोण, हे सांगू शकणारे लोक वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून आज माझे म्हणणे एवढेच आहे की, फोटोची प्रत नातेवाइकांना पाठवली म्हणजे निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे, म्हणजे त्याची हकीकत गोळा करून त्याच्यासोबत जोडणे, हे अधिक कष्टाचे आहे आणि तेच आपण टाळतो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून जुने कागद जमवले आणि त्यांचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्या कागदांची एक सोय होती. पत्राला मायना असतो, तिथी असते, लिहिणाऱ्याचे नाव असते. कोणी न सांगताही ते पत्र आपली ओळख पुष्कळशी स्वतःच देते. फोटोला असे काहीच नसते. खुर्चीत बसलेला, कोट आणि टोपी घातलेला गृहस्थ पणजोबा आहेत की पणजोबांचे साडू, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही.

मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ साली स्थापन झाली होती, परंतु खानदेशातल्या शेतकरी घरात स्वतःचा कॅमेरा येण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली, आणि आला तोही बहुधा आग्फा क्लिकसारखा साधा, एका रोलमध्ये बाराच फोटो देणारा. त्याआधी फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचे किंवा यात्रेतल्या फोटोवाल्याच्या तंबूत उभे राहायचे. रंगवलेला पडदा, कागदी फुलांची कुंडी, मनगटावरचे घड्याळ दिसेल असा मुद्दाम पुढे ठेवलेला हात, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कोर्टात उभे राहिल्यासारखे गांभीर्य. फोटो महाग होता, म्हणून तो प्रसंगालाच निघे: लग्न, मुलीचा दाखवण्याचा फोटो, नोकरीचा अर्ज, आणि कधी कधी अंत्ययात्रेपूर्वी मृताला भिंतीला टेकवून बसवून काढलेला शेवटचा. भिंतीवर हार घालून टांगलेल्या अनेक तसबिरी तर मूळच्या एकट्याच्या नाहीतच. माणूस गेल्यावर एखाद्या लग्नातल्या समूहफोटोतून त्याचा चेहरा मोठा करून घेत आणि कोट-पागोटे फोटोग्राफर ब्रशने चढवी. आजोबांनी तो कोट आयुष्यात कधी घातला नसेल, हे नातवंडांना कोण सांगणार?

या फोटोंत कोण नाही, याकडेही पाहिले पाहिजे. विधवा बाई समूहात क्वचितच दिसते. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर फोटो पोहोचलाच फार उशिरा. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या ३३ गावांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक घरांकडे आपल्या जुन्या अंगणाचे एकही चित्र नाही. आणि जे फोटोत असूनही नसल्यासारखे आहेत, ते म्हणजे आपले सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी. बैलजोडीचा कासरा धरून फोटोच्या अगदी कडेला उभा असलेला माणूस पुष्कळ घरांच्या संग्रहात सापडतो. बैलांची नावे घरातल्या वृद्धांना आठवतात. त्याचे नाव विचारले की, ‘तो आपल्याकडे सालाने होता’ एवढेच उत्तर येते.

हकीकत गोळा करण्यास आपल्याकडे आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, मुहूर्त नाही. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना सवड असते. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला, म्हणजे रोटांना, सुरत, नाशिक, पुण्याहून भाऊबंद गावी येतात, तेव्हाही हे करता येते, मात्र त्या गर्दीत निवांतपणा कमी. फोटो मांडावेत, आणि मग आपण गप्प बसावे. प्रमाण मराठीत मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारले तर आजी दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होते. पण दुसऱ्या आजीने ‘हाई कोन शे?’ (हे कोण आहे?) असे विचारले, की अर्धा तास बोलणे थांबत नाही. ते बोलणे अहिराणीत असो, लेवा बोलीत असो की पावरीत, जसेच्या तसे टिपावे किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करावे. शुद्ध करून लिहू नये.

मतभेद होतील, आणि ते व्हावेत. चोपड्याकडच्या एका घरात ओसरीवर काढलेला फोटो एका बहिणीच्या मते थोरल्या भावाच्या लग्नातला होता आणि दुसरीच्या मते धाकट्याच्या. वाद मिटला तो कडेवरच्या तान्ह्या मुलीमुळे, कारण ती ‘बहात्तरच्या दुष्काळात, आई खडी फोडायच्या कामावर जात होती तेव्हा’ जन्मलेली असल्याचे दोघींनाही पक्के ठाऊक होते. आपली माणसे सन सांगत नाहीत. ती दुष्काळ, पूर, धरण किंवा कोणाचे तरी बाळंतपण सांगतात, आणि ते सनापेक्षा क्वचितच कमी विश्वसनीय असते. फोटोतही पुरावे असतात: भिंतीवरचे कॅलेंडर, मागे शिक्का असलेल्या स्टुडिओचे नाव, जीपची पाटी. एमएच-१८ (धुळे) किंवा एमएच-१९ (जळगाव) ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो फोटो १९८९ च्या आधीचा असणे कठीण.

मात्र एक सावधगिरी हवी. न्यूझीलंडमध्ये किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना त्यांच्या बालपणीचे खरे फोटो दाखवले आणि त्यांत एक बनावट घातला, ज्यात ते लहानपणी उष्ण हवेच्या फुग्यात बसलेले दिसत होते. काही भेटींनंतर निम्म्या लोकांना तो कधीच न घडलेला प्रवास पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागला. फोटो आठवण जागी करतो तसा ती घडवतोही. म्हणून हकीकतीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याचा दिवस लिहावा, दोन वेगळ्या हकीकती असल्या तर दोन्ही लिहाव्यात, आणि कोणाची खरी याचा निकाल आपण लावू नये.

लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, फोटोच्या मागे, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. बायकांची नावे माहेरची आणि सासरची अशी दोन्ही हवीत, कारण लग्नात नाव बदललेली आत्या माहेरच्या फोटोत एका नावाने आणि सासरच्या फोटोत दुसऱ्या नावाने राहते, आणि पुढच्या पिढीला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. ‘धरणगाववाली काकू’ ही ओळख बोलण्यापुरती ठीक आहे. जतनाबद्दल थोडक्यात सांगतो. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीची असते, ती टिकते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंचे रंग उडून ते लालसर होत आहेत, म्हणून प्रती आधी त्यांच्या काढाव्यात. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा दर्जा घसरतो.

सगळेच फोटो सगळ्यांना पाठवायचे नसतात. ज्या लग्नाची पुढे फारकत झाली त्याचा फोटो, गेलेल्या लेकराचा फोटो, आधी त्या माणसाला विचारून मगच दाखवावा. त्याने नको म्हटले तर विषय तिथेच थांबवावा.

आणि जिथे ओळख सांगणारे कोणीच उरलेले नाही, तिथे अंदाज न लिहिता गाव, घर आणि फोटो कोणाच्या पेटीत सापडला, एवढेच लिहावे. सालदाराच्या बाबतीत मात्र इतक्या लवकर हात टेकू नयेत. आपल्याकडे सालदारीचे साल आखाजीला धरले जाते, आणि गावात एखादा तरी जुना शेतकरी कोण कोणाकडे सालाने होता हे सांगू शकतो. नाव मिळाले, तर त्या फोटोची एक प्रत त्याच्या नातवंडांकडे पोचवावी. त्यांच्या घरी त्याचा दुसरा फोटो बहुधा नसेल.