शेपटीवरच्या मिशा

(दृश्य : हँगरचं अर्धं उघडलेलं दार. बाहेर पांढुरकं ऊन.)

दाबोळी. १९५०च्या दशकात पोर्तुगीजांनी विमानतळासाठी निवडलेलं पठार; खाली अरबी समुद्र. इथल्या वाऱ्यात मीठ असतं, आणि मिठाचं अॅल्युमिनियमशी जुनं वैर.

चार आसनी विमानाच्या उभ्या शेपटीवर आज व्हीओआरचा, म्हणजे जमिनीवरच्या केंद्राकडून रेडिओने दिशा कळवणाऱ्या यंत्रणेचा, अँटेना बसतोय. मांजराच्या मिशांसारख्या दोन काड्या, एकेक साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरची. जमिनीवरचं केंद्र १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झवर बोलतं, त्या लहरीच्या पाव लांबीएवढ्या. पायलटच्या बोलण्याचा अँटेना उभा असतो. या मात्र आडव्या, कारण व्हीओआरच्या लहरीच आडव्या येतात.

केंद्राचे सूर दोन, दोन्ही सेकंदाला ३० ठेक्यांचे. चुंबकीय उत्तरेला ते जुळतात, पूर्वेला पाव ठेक्याने फटकतात. त्या फरकावरून रिसीव्हर दिशा ओळखतो.

(दृश्य : शिडीवर दोघे. जवळून हात.)

काड्या तयारच येतात. वेळ खातो तो त्यांच्या बुडाखालचा तळहाताएवढा पत्रा. आतून जाड पट्टी रिव्हेटने बसवली, कारण वाऱ्याचा ताण पातळ पत्रा एकटा झेलत नाही. आता रंग खरवडणं. मग क्रोमेटचा पातळ सोनेरी थर, जो गंज अडवतो पण वीज अडवत नाही.

''काका, चमकला ना?''
''चमक कसली बघतोस? मीटर बघ.''

अकरा मिलिओहम. विजेच्या वाटेत एवढा अडथळा जास्तच. काका काही न बोलता बोल्ट सोडतात. एका कोपऱ्यात नखाएवढा रंग राहिलाय.

ऐकायला या काड्यांना विमानाच्या अंगाची फारशी गरज नसते, हे खरं. पण पावसातून उडताना अंगावर साचलेली स्थिर वीज वाट मिळाली नाही, तर रिसीव्हरमध्ये खरखरते. वीज कोसळली तर तिलाही वाट हवीच.

केबल जोडण्याआधी मध्ये एक छोटा बॅलून येतो. फुग्याचा काही संबंध नाही. दोन काड्यांचा तोल एका केबलशी जुळवणारा तो भाग.

दुसऱ्यांदा मीटर दोनवर थांबतो. कडेने सीलंटची रेघ फिरते. खारं पाणी शिरायला तेवढीच फट पुरते.

खाली कॉकपिटमध्ये चाचणी-यंत्राचा सिग्नल लागतो. सुई हलते, मध्यावर येते.

''बसली, काका!''

काका अजून शिडीवरच. सीलंटवरून ओलं बोट फिरवतायत.