आषाढातल्या चार रात्री, वाशीत

नमस्कार श्रोतेहो.

मी वाशीला ज्या हॉटेलात उतरते, तिथे प्रत्येक खोलीत पलंगाच्या उशाशी एक लाकडी पॅनल बसवलेलं आहे. त्यावर दिव्यांची बटणं आहेत, आणि सगळ्यात खाली आणखी चार बटणं, एक ते चार आकडे लिहिलेली. ती रेडिओची. तिथल्या एका जुन्या रूमबॉयनं मला सांगितलं की पहिलं दाबलं की आकाशवाणी लागायची. मी जायला लागले तोवर बटणं बंद पडली होती. आकडे मात्र अजून वाचता येतात.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही, कारण खोलीबद्दल जे सांगायचं आहे ते फारसं चांगलं नाही.

मी सांगलीची. आमचा हळदीचा व्यापार आहे, वडिलांपासून. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आमचे अडते आहेत. हिशेब, नमुने, पुढच्या मालाचं बोलणं यासाठी वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात. वडील मुंबईला यायचे तेव्हा घाऊक बाजार मशीद बंदरला होता आणि ते तिथेच एका लॉजवर कॉट घेऊन राहायचे. मग बाजार हळूहळू खाडीपलीकडे आला. खाडीवरचा पहिला पूल 1973 साली झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल यायला 1992 साल उजाडलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत येणारे साहेब, मशिनरी विकणारे इंजिनिअर, आमच्यासारखे व्यापारी, अशा लोकांसाठी त्यानंतरच्या वर्षांत हे हॉटेल उभं राहिलं. संगमरवरी लॉबी, जिन्याला पितळी कठडा, खोलीत टब. वडील पहिल्यांदा इथे राहून घरी आले तेव्हा आईला त्यांनी त्या टबाचं वर्णन करून सांगितलं होतं, हात पसरून, इतका लांब म्हणून.

तो टब अजून आहे. आतून पिवळा पडलाय, आणि उभं राहायची जागा घासून खरखरीत झाली आहे.

यंदा मी जुलैत चार रात्री राहिले. पावसाळ्यात जुन्या हॉटेलचं वय लपत नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की आधी ओल्या कार्पेटचा वास येतो. मजल्यावरच्या एका खिडकीतून पाणी झिरपतं, तिथे खाली टॉवेल घालून ठेवलेले असतात. खोलीत वॉलपेपरचे सांधे कोपऱ्यांतून सुटलेत. एसीचं बटण कितीही फिरवा, गारठा तेवढाच. गरम पाण्यासाठी नळ चार-पाच मिनिटं सोडून ठेवावा लागतो, कारण बॉयलर तळघरात आणि खोली चौथ्या मजल्यावर. मधल्या पाइपातलं गार पाणी आधी वाहून जायला हवं. फोन चार्ज करायचा तर टेबलामागे हात घालून सॉकेट चाचपडायचं. दिवसाला पाच हजारांवर भाडं देणाऱ्या माणसाला कोरडं कार्पेट मिळायला हवं, हे मी मॅनेजरसाहेबांना समोर बसून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, एक मजला काढायचा म्हणजे दोन महिने बंद ठेवावा लागतो. मालक दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

तरी मी दुसरीकडे जात नाही. कारण खाली जेवायला मिळतं.

तीन रेस्टॉरंट आहेत. कॉफी शॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळचे पोहे चांगले असतात, बाकी बुफे कुठल्याही हॉटेलात असतो तसा. पण त्याला लागून एक मासळीचं आहे आणि पहिल्या मजल्यावर तंदूरचं. या दोन्हींसाठी मी सांगलीहून रात्रीचा प्रवास करून आले तरी थकत नाही.

पहिल्या रात्री मासळीच्या रेस्टॉरंटात गेले. श्रावण लागण्याआधीचे दिवस. आषाढात सगळ्यांनाच खाऊन घ्यायची घाई असते, त्यामुळे एकही टेबल रिकामं नव्हतं. आजूबाजूला कुणी हॉटेलातले पाहुणे दिसेनात. सानपाड्याची, नेरूळची, सेक्टर सतराची कुटुंबं, आजीपासून नातवापर्यंत. मी पापलेट मागितलं. कॅप्टन खाली वाकून हळूच म्हणाले, "ताई, आज पापलेट नका घेऊ. बर्फातलं आहे. बंदी उठेपर्यंत ताजं येणार नाही." 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, मासळीच्या प्रजननाचा काळ म्हणून. सांगलीत राहून मला त्याची आठवण कशी राहणार? पण मेनू कार्डावर पापलेट छापलेलं होतं, पैसे मिळणार होते, आणि तरी त्या माणसानं नको म्हटलं.

मग त्यांनीच सुचवलं ते आलं. सोड्याचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा भात. सुक्या बोंबलाचं वांगं घालून केलेलं कालवण. तांदळाची भाकरी, इतकी मऊ की मोडताना आवाज येत नव्हता. आणि एका छोट्या वाटीत टाकळ्याची भाजी, जी कार्डावर नव्हतीच. पाऊस पडला की आदिवासी बायका रस्त्याकडेला रानभाज्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून त्या दिवशी जेवढी मिळाली तेवढीच केलेली.

मी हळदीतली आहे, त्यामुळे माझी जीभ आधी हळदीकडे जाते. हळद कच्ची राहिली की जिभेच्या मागे मातीसारखी चव रेंगाळते. जुनी, वास उडालेली हळद घातली की नुसता रंग येतो, मागे काही नाही. आणि बेतानं घातलेली, तेलात नीट परतलेली ताजी हळद असली की ती वेगळी जाणवतच नाही, पण बोंबलाचा उग्रपणा बसवून टाकते. त्या कालवणातली हळद तशी होती. मी कॅप्टनना विचारलं, कोण करतं? ते आत गेले आणि एका बाईंना घेऊन आले. दिवाळे कोळीवाड्यातल्या. सगळं किचन त्यांना वहिनी म्हणतं. त्या म्हणाल्या, "हळद आम्ही दळलेली आणत नाही. मार्केटातून हळकुंडं आणायची, पंधरा दिवसांपुरती दळायची. जास्त नाही." हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले आहे, आणि ऐकणारे हातावर मोजण्याइतके भेटलेत.

तिसऱ्या रात्री अकरा वाजून गेल्यावर मी तंदूरचं किचन बघायला मागितलं. तिथले उस्ताद गढवालचे, एकोणीस वर्षं याच हॉटेलात आहेत. दोन तंदूर होते. शेवटची ऑर्डर गेली होती, आणि ते काळ्या उडदाच्या डाळीचं मोठं पातेलं एका तंदुराच्या तोंडावर ठेवत होते. दिवसा तंदुरात चारशे अंशांच्या आसपास धग असते, रोटी मिनिटभरात सुटते. रात्री तोच निखारा विझत जातो, आणि त्या विझत्या धगीवर डाळ सकाळपर्यंत रटरटत राहते. गॅसवर अशी डाळ होत नाही का? "होते," ते म्हणाले, "पण मग रात्रभर कुणीतरी ढवळत बसायला लागतं. इथे तंदूर सांभाळतो."

एक तंदूर तुलनेनं नवा होता. दोन वर्षांपूर्वी जुन्याला तडा गेला, म्हणून आणलेला. नवा मातीचा तंदूर आला की लगेच रोटी लावता येत नाही. आतून पालकाचा लगदा, मोहरीचं तेल, गूळ असं चोळून घ्यायचं, मग रोज थोडी थोडी धग वाढवत न्यायची. घाई केली तर माती फुटते. मी सहज विचारलं, नवा यायला किती दिवस लागले? ते म्हणाले, "तडा शुक्रवारी गेला. रविवारी सकाळी तंदूर दारात होता. मालक स्वतः टेम्पोबरोबर आले."

श्रोतेहो, मला त्या वाक्यात या हॉटेलची सगळी गोष्ट दिसली. कार्पेटसाठी पुढच्या वर्षी बघू, आणि तंदुरासाठी दोन दिवस. खोलीतला पाहुणा दोन रात्री राहतो, तक्रार लिहितो, निघून जातो; पुढच्या वेळी कंपनी त्याला पाठवेल तिथे तो जाईल. खाली जेवायला येणारा माणूस मात्र इथलाच. डाळ बिघडली तर पुढच्या रविवारी तो येणार नाही, आणि त्याच्या सोसायटीतली आणखी चार घरं येणार नाहीत. मुलीचा साखरपुडा याच हॉलमध्ये करायचा की नाही, हेही तो त्या डाळीवरून ठरवणार. किचनला दर आठवड्याला जाब द्यावा लागतो, शेजाऱ्यांसमोर. वरच्या खोल्यांना असा जाब विचारणारं शेजारी कुणी नाही.

किचन इतकं चांगलं असण्याचं दुसरं कारण मला शेवटच्या दिवशी कळलं. माझी खोली मागच्या बाजूची. मध्यरात्रीनंतर खिडकीतून तुर्भ्याकडे जाणारे ट्रक दिसतात, ताडपत्री घातलेले, एकामागे एक. भाजीपाला मार्केटचा माल. रात्री मला झोप लागत नव्हती, आणि खरेदीला जाणारे किचनमधले भाऊ म्हणाले होते की चारला निघतो. मी रेनकोट घालून त्यांच्याबरोबर गेले. टेम्पोनं दहा मिनिटं. पावसात मार्केट म्हणजे चिखल, ओली पोती, माथाडींच्या आरोळ्या, डोक्यावर क्रेट घेऊन धावणारी माणसं. कोथिंबीर त्या दिवशी महाग होती आणि निम्मी भिजून काळी पडलेली. भाऊ एकेक जुडी उलटी करून मुळाकडून बघत होते. तीन गाळे फिरले. चौथ्यावर त्यांना हवी तशी मिळाली, तीसुद्धा मोजकीच. गाळेवाल्यानं विचारलं, "बाकीची घ्या की, स्वस्तात देतो." भाऊ म्हणाले, "नको. आज चटणी कमी करू."

इतक्या मोठ्या बाजाराच्या दारात असलेल्या किचनला साठवून ठेवायची गरज पडत नाही. उद्या पुन्हा यायचंच आहे. आमच्या हरिपूरला पूर्वी हळद वर्षानुवर्षं जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, आणि ती टिकायची. कोथिंबिरीला पेव नाही.

आता अटल सेतू झाला, उलव्याकडचा विमानतळ झाला, आसपास नवी हॉटेलं येत आहेत. आपल्या मालकांनीही या वेळी नूतनीकरणाचं मनावर घेतलंय असं मॅनेजरसाहेब म्हणाले. व्हावं. कार्पेट उखडून फरशी घालावी, पाइप बदलावेत, टबही खुशाल काढावा. वडील असते तर त्यांनाही त्याची ही अवस्था बघवली नसती. मी मॅनेजरसाहेबांना एवढंच कळकळीनं सांगून आले की खोल्या नव्या करताना किचन बाहेरच्या कंपनीला चालवायला देऊ नका. नव्या हॉटेलांत हे सर्रास चालतं. मग पापलेट घेऊ नका म्हणणारा कॅप्टन राहत नाही. त्यांनी मान हलवली. निर्णय त्यांच्या हातात नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

निघताना वहिनी किचनच्या दारात उभ्या होत्या. नारळी पौर्णिमेनंतर या, म्हणाल्या, ताजं खायला घालते. आणि येताना तुमच्याकडची हळकुंडं आणाल का, दोन किलो, पॉलिश न केलेली?

गणपती उठले की मी जाणार आहे. खोली तीच सांगितली आहे, चौथ्या मजल्यावरची, मागच्या बाजूची. हळकुंडांची पिशवी बांधून ठेवली आहे.

नमस्कार.