डान्स म्युझिकला रेडिओनं वेळ द्यावा

मित्रहो, डान्स म्युझिक रेडिओवर वाजतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. वाजतं, आणि भरपूर वाजतं. 2011 च्या आसपास तर कुठलंही पॉप स्टेशन लावा, डेव्हिड गेटा नाहीतर केल्व्हिन हॅरिस या डीजेंची गाणी कानावर पडणारच. तरीही इतकी वर्षं हे संगीत जीव लावून ऐकल्यावर माझं म्हणणं असं आहे की रेडिओनं आमची गाणी घेतली, पण त्या गाण्यांना लागणारा वेळ दिला नाही.

म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. हाउस या डान्स म्युझिकच्या प्रकारातला एखादा ट्रॅक घ्या. मिनिटाला 120 बीट, म्हणजे सेकंदाला दोन. चार बीटचं एक आवर्तन. सुरुवातीची आठ आवर्तनं फक्त किक ड्रम, म्हणजे तो खोल धप्प ठोका. मग झांजेसारखी हाय-हॅट येते, मग टाळी, मग कुठूनतरी खालच्या सुरांची बेसलाइन डोकावते. अशी 32 आवर्तनं झाली की घड्याळात 64 सेकंद गेलेले असतात आणि अजून गायिकेनं तोंडही उघडलेलं नसतं. डीजेला आधीच्या ट्रॅकवर हा ट्रॅक बेमालूम चढवता यावा म्हणून ही जागा ठेवलेली असते. पण तेवढ्यासाठीच नाही. या 64 सेकंदांत ऐकणाऱ्याचं शरीर ठेक्याला लागतं. सात मिनिटांच्या ट्रॅकचा साडेतीन मिनिटांचा रेडिओ एडिट, म्हणजे रेडिओसाठीची छोटी आवृत्ती, करताना पहिली कात्री लागते ती इथेच. गायिकेचा आवाज पहिल्या काही सेकंदांतच येतो, सूर तोच, शब्द तेच, आणि तिची वाट पाहण्यातली सगळी मजा गेलेली.

आवाजाचंही तसंच. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या मधल्या शांत भागात, ड्रम थांबतात, आवाज मुद्दाम खाली उतरवलेला असतो, कारण थोड्या वेळानं किक परत येणार असते आणि ती छातीवर आदळायला हवी असते. स्टेशनचा प्रोसेसर मात्र हळू आवाज उचलून वर आणतो आणि मोठा आवाज दाबतो, सगळं एका पातळीवर बसवतो. गाडीत, दुकानात, रस्त्याच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून ते करावं लागतं, हे मला मान्य आहे. पण मग किक परत येते तेव्हा ती आली हे नुसतं कळतं, जाणवत नाही. त्यातून ऐकणाऱ्याचा स्पीकर छोटा असेल तर 50-60 हर्ट्झचा तो खालचा थर जवळजवळ नाहीसाच होतो.

यावर कुणी म्हणेल, रेडिओ हे या संगीताचं माध्यमच नव्हे, त्याची जागा क्लबमध्ये. मला हे अजिबात पटत नाही, कारण इतिहास उलटं सांगतो. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूबीएलएस या रेडिओ स्टेशनचा निवेदक फ्रँकी क्रॉकर पॅरडाइज गराज क्लबमध्ये जायचा, तिथला डीजे लॅरी लेव्हाननं वाजवलेलं काही आवडलं की ते रेडिओवर आणायचा. त्याच शहरात 1978 मध्ये डब्ल्यूकेटीयू स्टेशन डिस्कोकडे, म्हणजे हाउसच्या आधीच्या डान्स म्युझिककडे, वळलं आणि काही महिन्यांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

शिकागोची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. 12 जुलै 1979 ला कोमिस्की पार्कच्या बेसबॉल मैदानात स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकानं डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटानं उडवला. सोबत एक डिस्को रेकॉर्ड आणली की तिकीट 98 सेंटला. लोक मैदानात घुसले, पुढचा सामना रद्द झाला. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या मुलानं पाहिलं की लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, त्या फक्त कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या. हाच लॉरेन्स पुढे सिंथेसायझर घेतो आणि 1984 मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर सुरुवातीच्या हाउस रेकॉर्डांपैकी एक रेकॉर्ड काढतो. मधल्या काळात काय घडलं? 1981 पासून त्याच शहरात डब्ल्यूबीएमएक्स या स्टेशनवर ‘हॉट मिक्स फाइव्ह’ हे पाच डीजे न थांबता मिक्स, म्हणजे एकात एक गुंफलेले ट्रॅक, वाजवू लागले. ज्यांचं क्लबमध्ये जायचं वय नव्हतं ती मुलं घरी ते कॅसेटवर उतरवून घेत होती. एका स्टेशनच्या माणसानं जे संगीत जाहीरपणे उडवलं, त्याचं पुढचं रूप दुसऱ्या स्टेशननं घराघरांत पोचवलं.

मग हे का टिकलं नाही? अमेरिकेपुरतं बोलायचं तर 1996 च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे हजाराच्या वर स्टेशनं गेली. इतका पसारा एका हातात आला की प्लेलिस्ट वरूनच ठरते, आणि स्थानिक डीजेच्या कानाला किंमत उरत नाही. त्याच कंपनीनं 2012 च्या शेवटी बॉस्टनमध्ये खास डान्स म्युझिकचं स्टेशन काढलं, आणि 2014 मध्ये तिथे कंट्री म्युझिक सुरू झालं. एखादं संगीत शहरात रुजायला दीड वर्ष पुरत नाही.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी होती. किस एफएम हे स्टेशन 1985 मध्ये विनापरवाना सुरू झालं, 1990 मध्ये त्याला परवाना मिळून ते अधिकृत झालं. 1991 पासून बीबीसी रेडिओ 1 वर डीजे पीट टाँग शुक्रवारी संध्याकाळी नवे ट्रॅक वाजवू लागला, आणि 1993 मध्ये ‘इसेन्शियल मिक्स’ हा कार्यक्रम आला: दोन तास, एकच डीजे, मध्ये व्यत्यय नाही. रेडिओवर डान्स म्युझिक कसं ऐकवावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पण तोही मध्यरात्रीनंतरचा. 2020 मध्ये रेडिओ 1 नं डान्ससाठी वेगळा ऑनलाइन प्रवाह सुरू केला. माझ्यासारख्याची त्यानं उत्तम सोय झाली, आणि तरीही मला त्याची काळजी वाटते. वेगळ्या खोलीत तोच जातो ज्याला ती खोली कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. मुख्य रेडिओचं मोल त्या माणसात आहे जो बातम्यांसाठी किंवा आवडत्या निवेदकासाठी थांबलेला असतो आणि ज्याला पुढे काय कानावर येणार याची कल्पना नसते. डान्स म्युझिकला नवा श्रोता तिथेच भेटतो.

कार्यक्रम ठरवणारे लोक म्हणतात, लांब इंट्रो, म्हणजे गायन सुरू होण्याआधीचा भाग, लावला की श्रोता स्टेशन बदलतो. एका गाण्यानंतर जाहिरात आणि मग अचानक नुसता ड्रम, असं झालं तर बदलणारच. पण मिक्समध्ये इंट्रो एकटा येतच नाही. आधीचं गाणं चालू असतानाच तो त्याच्याखाली सुरू होतो, आणि शांतता अशी कुठे येतच नाही. म्हणून माझी मागणी सुटे ट्रॅक वाढवा अशी नाही. दुपारी चार ते पाच, आठवड्यातून एकदा, एक तास सलग द्या. जाहिराती तासाच्या आधी आणि नंतर. मिक्स त्या शहरात दर आठवड्याला वाजवणाऱ्या डीजेकडून घ्या, पूर्ण लांबीच्या ट्रॅकचा. निवेदकानं मध्ये बोलू नये, शेवटी प्रत्येक ट्रॅकचं आणि कलाकाराचं नाव सांगावं. आणि निर्णय पहिल्या तिमाहीच्या आकड्यांवर घेऊ नये, निदान दोन वर्षं ते चालू द्यावं.