तीन फायली मागे

[काळा पडदा. दोन टर्मिनल शेजारी शेजारी.]

डावीकडच्या विंडोत एकच आकडा आहे, ४८२१७. उजवीकडे ४८२१४. रात्रपाळीचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, दोन्ही आकडे वाचतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो, वहीत ‘३’ लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. डावा सर्व्हर म्हणजे प्रायमरी. सगळे व्यवहार त्याच्यावर चालतात. उजवा म्हणजे स्टँडबाय, प्रायमरी कोसळला तर त्याची जागा घ्यायला ठेवलेली प्रत. त्याला कुणी काही विचारत नाही. तो आपला प्रायमरीच्या मागून, तीन फायलींचं अंतर ठेवून, चालत राहतो.

हे अंतर राखायला कुठलीही मोठी यंत्रणा नाही. आज्ञांची एक छोटी शेल स्क्रिप्ट, ती ठरल्या वेळी चालवणाऱ्या क्रॉनमधल्या दोन ओळी आणि हा आकडे वाचणारा माणूस. म्हणून याला म्हणायचं मॅन्युअल स्टँडबाय.

[हिशेबाची वही. एकाखाली एक नोंदी.]

हिशेब लिहिणाऱ्याला रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगावा लागत नाही. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत जातो, जसा झाला तसा, ओळीखाली ओळ. खात्यांवारी मांडायची खतावणी नंतर, सवडीनं. ओरॅकल डेटाबेस अगदी असाच वागतो. तुम्ही कमिट केलंत, म्हणजे व्यवहार पक्का केलात, की बदल आधी रीडू लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजकीर्दीत, डिस्कवर उतरतो. तो उतरेपर्यंत ‘कमिट झालं’ असं उत्तर येत नाही. डेटाफाइलमधला, म्हणजे खतावणीतला, मूळ ब्लॉक मात्र नंतर कधीतरी लिहिला जातो. खतावणी जळाली, पण तिची जुनी प्रत आणि तिथून पुढची सलग रोजकीर्द हाताशी असली, तर खतावणी पुन्हा उभी करता येते. यातला ‘सलग’ हा शब्द लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथंच अडतं.

रीडू लॉगच्या फायली मोजक्या असतात आणि आळीपाळीनं वापरल्या जातात. एक भरली की दुसरी. हा झाला लॉग स्विच, आणि प्रत्येक स्विचला क्रमांक एकनं वाढतो. तोच तो ४८२१७. भरलेली फाइल पुन्हा वापरात येण्याआधी तिची प्रत बाजूला काढून ठेवायची, एवढंच काम आर्काइव्हलॉग मोड करतो. डेटाबेस या मोडमध्ये नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

१९९६ साली ओरॅकल ७.३ आलं, तेव्हा स्टँडबायची सोय मिळाली. पण फायली उचलून नेणं आणि तिकडे लावणं ज्याचं त्यानं बघायचं होतं. १९९९च्या ८आयमध्ये ते आपोआप होऊ लागलं आणि २००१च्या ९आयमध्ये त्याला डेटा गार्ड हे नाव मिळालं. डेटा गार्ड एंटरप्राइज एडिशनबरोबरच येतं. स्टँडर्ड एडिशनवाल्यांच्या वाट्याला जुनीच पद्धत राहिली. ती काही शिक्षा नाही असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

[सर्व्हर रूम. पंख्यांचा आवाज.]

उभारणीत फार रमायला नको. दोन्हीकडे एकच ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसची एकच आवृत्ती, पॅचसुद्धा तोच. प्रायमरीवर आर्काइव्हलॉग मोड आणि फोर्स लॉगिंग (प्रत्येक बदलाची नोंद सक्तीनं रीडू लॉगमध्ये) चालू. मग डेटाफायलींचा हॉट बॅकअप, म्हणजे डेटाबेस चालू असतानाच काढलेली प्रत, घेऊन तो दुसऱ्या सर्व्हरवर पोचवायचा. डेटाबेसच्या फायलींची आणि स्थितीची नोंद ठेवणारी कंट्रोल फाइल मात्र नेहमीची उचलून न्यायची नाही. प्रायमरीकडून खास स्टँडबाय कंट्रोल फाइल बनवून घ्यायची. आपण मालक नसून मागून चालणारे आहोत, हे त्या सर्व्हरला या फाइलमुळे कळतं. मग डेटाबेस माउंट करायचा, म्हणजे कंट्रोल फाइल वाचण्यापर्यंतच सुरू करायचा, उघडायचा नाही, आणि आज्ञा द्यायची: रिकव्हर स्टँडबाय डेटाबेस.

या आज्ञेनंतर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे.

[टर्मिनलचा क्लोज-अप.]

स्टँडबाय विचारतो, ‘४८२१२ क्रमांकाची फाइल हवी आहे, ती अमुक ठिकाणी असावी.’ आपण लिहितो, ‘ऑटो’. तो ४८२१२ लावतो, मग ४८२१३, मग ४८२१४. मग ४८२१५ शोधतो, ती अजून आलेली नसते, आणि पडद्यावर एरर येते: ओआरए-००३०८, आर्काइव्ह लॉग उघडता येत नाही. नवीन माणूस इथं हमखास घाबरतो. पण इथं हीच एरर खुशालीची खूण आहे. होतं तेवढं सगळं लावून झालं, पुढचं आलं की सांगा, एवढाच तिचा अर्थ. फक्त, त्यानं मागितलेला क्रमांक आणि प्रायमरीवरचा ताजा क्रमांक एकमेकांच्या जवळ हवेत. तो ४८२१५ मागतोय आणि प्रायमरी ४८९०० वर पोचलाय, तर तीच एरर ही बोंब आहे. शब्द तेच, अर्थ उलटा. वहीतली वजाबाकी यासाठीच.

आता फायली नेण्याचं काम. वरवर पाहिलं तर कॉपी करायचं, दुसरं काय. पण क्रॉन दर दहा मिनिटांनी उठतो, आणि तो उठतो त्या क्षणी प्रायमरी एखादी आर्काइव्ह फाइल अजून लिहीत असू शकतो. अर्धी फाइल उचलली जाते, अर्धीच तिकडे पोचते. म्हणून जाणती स्क्रिप्ट ‘व्ही डॉलर आर्काइव्ह्ड लॉग’ या ओरॅकलच्या स्वतःच्या यादीला विचारून, जेवढ्या पूर्ण झाल्यात तेवढ्याच उचलते. नेण्याच्या साधनातही फरक आहे. एससीपी थेट खऱ्या नावानंच लिहायला लागतं, त्यामुळे लाइन मध्येच तुटली तर पूर्ण दिसणारी अर्धी फाइल मागे उरते. आरसिंक आधी तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतं. मी आरसिंकच वापरतो, आणि दोन्हीकडचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवल्याशिवाय स्क्रिप्टला पुढे जाऊ देत नाही.

दुसरा प्रश्न शांततेचा. रात्री व्यवहार थंडावले की रीडू फाइल भरतच नाही. भरत नाही म्हणून स्विच नाही, स्विच नाही म्हणून आर्काइव्ह नाही. दोन्ही आकडे छान जुळतात आणि तरी स्टँडबाय चार तास मागे असतो. यासाठी ‘आर्काइव्ह लॅग टार्गेट’ हे पॅरामीटर आहे. त्यात १८०० सेकंद लिहिले की अर्ध्या तासाच्या आत स्विच होतोच, फाइल भरलेली असो वा नसो.

[फायलींची यादी. मधला एक क्रमांक गायब.]

आणि हे माझ्या स्वतःच्या हातून झालेलं. एका जुन्या कामात रात्रीचा बॅकअप आरमॅननं, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअप साधनानं, घेतला जायचा, आणि त्या स्क्रिप्टमध्ये आर्काइव्ह लॉगचा बॅकअप झाला की मूळ फायली पुसायची सूचना होती. जागा वाचते म्हणून ती मीच घातली होती. एका रात्री नेटवर्क दोन तास बंद पडलं. फायली नेणारी स्क्रिप्ट थांबली, पुसणारी थांबली नाही. सकाळी स्टँडबाय ज्या क्रमांकाला अडला होता, तो प्रायमरीवर उरलाच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या दिवशी आरमॅनच्या बॅकअपमधून ती फाइल परत काढता आली म्हणून निभावलं. तीही नसती तर स्टँडबाय जिथं थांबलाय त्या एससीएनपासूनचा, म्हणजे डेटाबेसच्या बदल-क्रमांकापासूनचा, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा) बॅकअप घेऊन त्याला पुढे ओढावा लागला असता. तेव्हापासून पुसण्याचा निर्णय बॅकअप स्क्रिप्ट घेत नाही. स्टँडबायवर फाइल लागल्याची खात्री झाली की मगच ती प्रायमरीवरून जाते.

चोरवाटा आणखीही आहेत. फोर्स लॉगिंग नसताना कुणी नोलॉगिंग करून डेटा भरला, तर त्याची नोंद रोजकीर्दीत जातच नाही. स्टँडबाय महिनोन्महिने हसतमुखानं चालत राहतो आणि उघडल्यावर ते ब्लॉक ओआरए-०१५७८, म्हणजे ब्लॉक खराब असल्याची एरर, देतात. प्रायमरीवर नवी डेटाफाइल जोडली आणि स्टँडबायवर ‘स्टँडबाय फाइल मॅनेजमेंट’ हे पॅरामीटर ऑटोवर नसलं, तर ‘अननेम्ड’ नावाची अनाथ नोंद तयार होते आणि रिकव्हरी तिथंच बसकण मारते.

[घड्याळ. काटा मागे.]

तर मग मागे चालण्यात फायदा काय? आरसा ठेवला तर चूकही आरशात त्याच क्षणी दिसते. इकडे टेबल ड्रॉप झालं की तिकडेही झालं. हाताने चालवलेल्या स्टँडबायला मात्र आपण मुद्दाम थांबवू शकतो. फायली लगेच पोचवायच्या, पण चार तासांनी लावायच्या. दुपारी दोनला कुणी भलतंच टेबल उडवलं, तर स्टँडबायवर अजून सकाळचे दहा वाजलेले असतात. एक वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत रिकव्हर करायचं, रीड ओन्ली उघडायचं, डेटाबेस लिंकवरून त्या ओळी परत आणायच्या, आणि स्टँडबायला पुन्हा माउंट करून वाटेला लावायचं.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉम या कोड साठवण्याच्या साइटवर जे घडलं, ते त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल, तिथं रोजकीर्दीला वॉल म्हणतात. ताण वाढला आणि दुय्यम सर्व्हर मागे पडला. त्याला हव्या असलेल्या वॉल फायली प्रायमरीवरून पुसल्या गेल्या होत्या आणि त्या आर्काइव्ह होत नव्हत्या. दुय्यम सर्व्हर नव्यानं उभारायला घेतला, तेव्हा त्याची डिरेक्टरी रिकामी करण्याची आज्ञा चुकून प्रायमरीवर गेली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं. रोजचा पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसक्यूएलचा बॅकअप, बघावा, तर तो ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२चं साधन चालवत गुपचूप फसत होता, आणि फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी उपयोगी पडला तो सुमारे सहा तासांपूर्वी कुणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचं त्या क्षणाचं चित्र.

बॅकअपची फाइल चांगली आहे की नाही, हे ती परत उभी करेपर्यंत कळत नाही. स्टँडबायवर हे परत उभं करणं दर दहा मिनिटांनी चाललेलं असतं. ते अडलं तर वहीतला ‘३’ वाढत वाढत ‘४०’ होतो, आणि आकडा वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. स्वयंचलित सोय विकत घेतलेल्या काही ठिकाणी मी हा आकडा महिनोन्महिने कुणी पाहिलेला नाही असं बघितलं आहे.

[सराव. दोघं एका पडद्यासमोर.]

आज सराव आहे. प्रायमरी बंद पाडला आहे, असं धरायचं. खरं तर त्याच्या डिस्क वाचता येताहेत, आणि हा क्षण घाईत सगळे विसरतात: ऑनलाइन रीडू लॉग अजून तिथंच आहे. जी फाइल आर्काइव्ह व्हायची राहिली, तिच्यातच शेवटचे कमिट आहेत. ती उचलून आणायची. स्टँडबाय ४८२१८ मागतो, तेव्हा ‘ऑटो’ न लिहिता या फाइलचा पूर्ण पाथ हातानं टाइप करायचा. धाकटा सहकारी टाइप करतो, थोरला मोठ्यानं वाचून तपासतो.

“लागली का रे?”

“हो. मीडिया रिकव्हरी कम्प्लीट म्हणतोय.”

“जुन्या प्रायमरीचा लिसनर बंद आहे ना? परत बघ. दोन मालक नकोत.”

तो परत बघतो, बाहेरच्या जोडण्या घेणारा तो प्रोग्राम. बंद आहे. मग आज्ञा जाते: ॲक्टिव्हेट स्टँडबाय डेटाबेस. इथून मागे फिरता येत नाही. डेटाबेस उघडतो, पहिली क्वेरी उत्तर देते, आणि ॲप्लिकेशनचं जोडणीचं नाव नव्या सर्व्हरकडे वळवलं जातं.

या आज्ञेनं रीसेटलॉग्ज, म्हणजे लॉगची नव्यानं सुरुवात, झाल्यामुळे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. डावीकडच्या विंडोत आता १ दिसतो आहे. उजवीकडची विंडो रिकामी आहे. जुना प्रायमरी पुसून त्याच्यावर नवा बॅकअप उतरतो आहे. धाकटा वहीचं नवं पान उघडतो आणि वर तारीख लिहितो.